रामापिथेकसचं काय झालं?

पळसफूल

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे. विषय मनाला फार लागला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दिवाळीआधी माळा आवरताना माझा जुना तक्ता सापडला. मांजरपाटावर ड्रॉइंग पेपर चिकटवून स्वतः काढलेला, वर-खाली लाकडी पट्ट्या, टांगायला सुतळी. डावीकडून उजवीकडे सहा आकृत्या: ड्रायोपिथेकस, रामापिथेकस, ऑस्ट्रॅलोपिथेकस, होमो इरेक्टस, निअँडरथल, आधुनिक माणूस. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा थोडा ताठ. एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं आणि हा तक्ता वर्षानुवर्षं फळ्याशेजारी टांगला. रामापिथेकसच्या खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'भारतात सापडलेला मानवाचा आद्य पूर्वज'. हे वाक्य ऐकताना मुलं कशी सरसावून बसायची ते अजून डोळ्यांपुढे आहे. हिमालयाच्या पायथ्याशी सापडलेला, आणि नाव रामाचं!

नात यंदा दहावीला आहे. तिनं तक्ता पाहिला, फोनमध्ये डोकं घातलं आणि पाच मिनिटांनी म्हणाली, "आजी, हा तर ओरांगउटानच्या घराण्यातला आहे. आपल्या रांगेत का उभा केलास?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर महिनाभर मिळेल ते वाचत होते. माझे विद्यार्थी आता तिशी-चाळिशीत, काही पन्नाशीला टेकलेले असतील. त्यांच्यापैकी कोणी इथे असेल तर हे आधी त्यांच्यासाठी.

१९३२ साली येल विद्यापीठाचा एक तरुण संशोधक, जी. एडवर्ड लुईस, शिवालिकच्या डोंगरांत जीवाश्म शोधत फिरत होता. हिमाचलातल्या हरितल्यांगर परिसरात त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. उजव्या बाजूचा, काही दाढा शाबूत, सुळ्याच्या जागी नुसती खोबण. ती खोबण लहान होती. एप म्हणजे चिंपांझी-गोरिलासारखा बिनशेपटीचा प्राणी. एप म्हटला की सुळा मोठा. इथे सुळा लहान, म्हणजे प्राणी माणसाकडे झुकणारा, असा त्याचा तर्क. नाव ठेवलं रामापिथेकस. 'पिथेकस' म्हणजे ग्रीक भाषेत वानर. शिवालिकच्या एपांना देवादिकांची नावं द्यायचा पायंडा आधीच पडला होता. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या गाय पिलग्रिम यांनी १९१० मध्ये शिवापिथेकस हे नाव दिलं होतं. लुईसनं रामाच्या जोडीला सुग्रीव आणि ब्रह्म यांच्या नावाचेही पिथेकस आणले.

त्या काळचे वजनदार मानवशास्त्रज्ञ आलेश हर्डलिच्का यांनी १९३५ मध्ये लुईसचा दावा धुडकावला. तुकडा पुढची पंचवीस वर्षं मागे पडला. १९६१ मध्ये एल्विन सायमन्स यांनी तो पुन्हा चर्चेत आणला. अर्ध्या जबड्यावरून दुसरा अर्धा कल्पून पाहिला तर दातांची कमान माणसासारखी, मागे पसरत जाणारी भासली. केनियातल्या फोर्ट टर्ननला लुई लीकी यांना मिळालेला, १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा जबडाही त्यांनी याच नावाखाली घेतला. डेव्हिड पिलबीम हे तरुण शास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. मग एकातून एक निघत गेलं. सुळे लहान, म्हणजे दातांनी लढत नसणार. म्हणजे हातात काहीतरी असणार. म्हणजे हात मोकळे. म्हणजे दोन पायांवर चालणारा. जबड्याच्या तुकड्यावर एवढी माडी चढली, आणि पायाचं एकही हाड कोणाकडे नव्हतं. माझ्या तक्त्यातला रामापिथेकस अर्धवट वाकून चालतोय. ते पाय मी कशावरून काढले?

१९८० च्या सुमारास पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर पिलबीम यांच्याच चमूला शिवापिथेकसचा जवळजवळ अर्धा चेहरा मिळाला, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीचा. तो १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांच्या खोबणी उभट आणि एकमेकींना अगदी चिकटून, नाकाखालचा भाग पुढे आलेला, चेहरा बाजूनं पाहिला तर आत दबलेला. हुबेहूब ओरांगउटान. रामापिथेकस म्हणून जे वेगळे काढले होते ते याच शिवापिथेकसचे लहान चणीचे नमुने ठरले, त्यातले बरेचसे माद्यांचे. माद्यांचे सुळे लहानच असतात.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त पिलबीम भिडले. ज्या माणसानं अनेक वर्षं रामापिथेकसची बाजू लावून धरली, त्यानंच नवा चेहरा हाती आल्यावर ती सोडली, आणि जाहीरपणे सोडली. आणि मी मात्र १९८२ नंतर नोकरीला लागूनही तीच ओळ घोकून घेत राहिले. पुस्तकात होती, परीक्षेत यायची, वेगळं सांगणारं कोणी आसपास नव्हतं. तरी वाईट वाटतं.

जाणकारांना दोन प्रश्न. तक्त्यात त्या जागी आता काय काढू? आणि आपल्या भूमीत मग उरलं काय?

सोनचाफा

बाई, मी तुमच्या शाळेतला नाही, पण हाच तक्ता आमच्याही वर्गात होता. परीक्षेत रामापिथेकसवर टीप लिहून पाचपैकी पाच मिळवले होते. चाळिशीत आज कळतंय. धाग्याबद्दल मनापासून आभार.

कुंदकळी

मी दंतवैद्य आहे, रोज चार-पाच जबड्यांचे साचे हातात असतात, म्हणून जबड्यापुरतं बोलते.

आरशात तोंड उघडून वरच्या दातांची रांग पाहा. पुढे गोल, मागे जाताना दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर होत जातात. चिंपांझी किंवा गोरिलात दाढांच्या रांगा जवळपास समांतर असतात, आगगाडीच्या रुळांसारख्या, आणि पुढे मोठे सुळे. त्यामुळे कमानीच्या आकारावरून घराणं ओळखायचा मोह होणं साहजिक आहे.

अडचण आहे ती मध्यरेषेची. तुमचा लेख वाचून मी दवाखान्यातला एक जुना प्लॅस्टरचा साचा करवतीनं कापला. मध्यावर कापला नाही, मुद्दाम बाजूला कापला, म्हणजे पुढचे दात गेले आणि टाळूचा मधला भाग गेला. हातात राहिल्या दाढा आणि टाळूची थोडी कड. आता हा तुकडा टेबलावर ठेवून दुसरी बाजू कुठे असेल ते सांगायचं. मी साचा माझ्याच हातानं घेतलेला, तरी मला खात्रीनं ठरवता येईना. तुकडा थोडा आत फिरवला तर रांगा समांतर होतात, थोडा बाहेर फिरवला तर कमान फाकते. फरक काही अंशांचा. ॲलन वॉकर आणि पीटर अँड्र्यूज यांनी १९७३ मध्ये फोर्ट टर्ननच्या खालच्या जबड्याची नीट जुळणी केली तेव्हा रांगा सरळ आणि पुढे निमुळत्या निघाल्या, माणसासारखी गोल कमान नव्हतीच.

एक छोटा हातआरसा घ्या. अर्ध्या साच्याला लावून उभा धरा, दुसरा अर्धा आरशात दिसेल. मग आरसा हळूहळू फिरवा. नातीबरोबर नक्की करून बघा. साचा हवा असेल तर पाठवते.

एनॅमलचं, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणाचंही तसंच झालं. माणसाच्या दाढांवर एनॅमल जाड, चिंपांझी-गोरिलाच्या पातळ. शिवालिकच्या दाढांवर जाड, म्हणून 'आपला' असं म्हटलं गेलं. पण जाड एनॅमल कठीण बिया, कडक कवचाची फळं खाणाऱ्या प्राण्यांत स्वतंत्रपणे तयार होतं. तो आहाराचा पुरावा आहे, नात्याचा नाही.

एक_वाचक

लेख वाचला. मी वारकरी घरातला, विज्ञान शिकलेला नाही, पण वाचायला आवडतं. खोडसाळपणा म्हणून विचारत नाही, खरंच समजून घ्यायचं आहे. माकडापासून माणूस झाला तर आज माकडं का आहेत? त्यांचा माणूस का होत नाही? आणि शंभर वर्षांत शास्त्रज्ञांनी मत फिरवलं, तर आजचं मत उद्या फिरणार नाही कशावरून?

दूरदेशी

@एक_वाचक, अगदी रास्त प्रश्न. मी परदेशात एका प्रयोगशाळेत डीएनएवर काम करतो, जमेल तसं सांगतो.

तुमचे चुलतभाऊ तुमचे पूर्वज नसतात. तुमचे आणि त्यांचे आजोबा एक. आजोबा गेले, दोन्ही घरं आपापल्या वाटेनं चालली. चिंपांझी आपला चुलतभाऊ आहे. आपला आणि त्याचा समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होऊन गेला. तो आजचा चिंपांझी नव्हता आणि आजचा माणूसही नव्हता. आज झाडावर दिसणारं माकड तेवढीच वर्षं उत्क्रांत होत आलं आहे जेवढी आपण. त्याला माणूस व्हायचं कारण नाही, त्याचं झाडावर उत्तम चाललं आहे.

आता मत फिरण्याबद्दल. रामापिथेकसला पहिला खरा धक्का हाडांनी दिलाच नाही, रक्तानं दिला. १९६७ साली बर्कलीच्या व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घेतलं. माणसाचं अल्ब्युमिन सशाला टोचायचं, सशाच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ती प्रतिपिंडं चिंपांझीच्या, गोरिलाच्या, गिबनच्या, माकडाच्या अल्ब्युमिनवर किती जोरानं चालतात ते मोजायचं. जितकं जवळचं नातं तितका जोर जास्त. एप आणि आफ्रिका-आशियातली माकडं सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असं धरून त्यांनी हिशेब मांडला, तर माणूस आणि आफ्रिकी एप वेगळे होऊन फक्त ५० लाख वर्षं झाली असं निघालं. मग १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा प्राणी माणसाच्या स्वतंत्र शाखेतला असेलच कसा? शाखा फुटायच्याच होत्या! हाडंवाल्यांनी पंधरा वर्षं हे मानलं नाही. मग हाडांनीच तसं सांगितलं.

म्हणून मत फिरलं याची मला भीती वाटत नाही. दोन वेगळ्या वाटांनी गेलेली माणसं एका ठिकाणी येऊन भेटली. आकडा पुढे थोडा सरकला, ५० लाखांचा ६०-७० लाख झाला. पण तो पुन्हा दीड कोटीकडे गेला नाही.

आणखी एक पुरावा सांगतो, तो मला स्वतःला फार आवडतो. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. एक जोडी गेली कुठे? आपलं दुसरं गुणसूत्र उघडून पाहा. गुणसूत्रांच्या टोकांना एक ठरावीक अक्षरमाळ असते, बुटाच्या नाडीच्या टोकाला टोपण असतं तशी. आपल्या दुसऱ्या गुणसूत्रात ही टोकाची माळ मधोमध सापडते, समोरासमोर जोडलेली. शिवाय गुणसूत्राचा जो मधला बांधा असतो तो तिथे दोनदा आहे, एक चालू, एक निकामी. एपांची दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून एक झाली, त्याचा सांधा अजून दिसतो. १९९१ मध्ये तो नेमका वाचला गेला.

रानभूल

भाषेमुळेही गोंधळ होतो, असं मला नेहमी वाटतं. आपल्याकडे लाल तोंडाचं ते माकड आणि काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. दोघांनाही शेपटी आहे. बिनशेपटीच्या एपाला मराठीत रोजचा शब्दच नाही, कारण आपल्या जंगलात एप नाही. भारतात फक्त ईशान्येकडे हूलॉक गिबन आहे. त्यामुळे 'माणूस माकडापासून झाला' असं वाक्य तयार होतं आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वरला हातातलं कणीस हिसकावणारं माकड येतं. पुस्तकांत 'कपी' लिहितात, पण तो शब्द ऐकून मारुतीरायाच आठवतो. मी मुलांना सरळ 'एप' म्हणूनच सांगते.

प्रायमेट म्हणजे माकडं-एप-लोरिस या सगळ्या गोताचा विचार केला तर आपल्या शेजारीच फार जुनं काही आहे. गुजरातेत सुरत जिल्ह्यात वस्तानची लिग्नाइटची खाण आहे. त्या कोळशाच्या थरांतून सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या प्रायमेटांचे दात आणि हातापायांची इवलीशी हाडं मिळाली. त्यांतल्या दोघांची नावं मार्कगोडिनोटिया आणि आशियाडॅपिस. शेकरूपेक्षाही लहान प्राणी, झाडावरचे. हातापायांच्या हाडांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. भारताचा तुकडा आशियाला नुकता भिडत होता त्या काळातले हे जीव.

नैरोबीकर

पळसफूल ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरापासून फार लांब नाही. नोकरीनिमित्त बारा वर्षं नैरोबीत आहे. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात एका काचेच्या कपाटात तुर्काना सरोवराकाठी मिळालेल्या मुलाचा सांगाडा उभा आहे. मी चारदा पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी बराच वेळ उभा राहिलो आहे.

१९८४ साली नारिओकोटोमेला कामोया किमेऊ यांना कवटीचा एक छोटासा तुकडा दिसला. काळ्या खड्यांत काळा तुकडा, आगपेटीपेक्षाही लहान. किमेऊ हे केनियाचेच, शाळेचं शिक्षण थोडं, नजर मात्र अशी की जगात तोड नव्हती. मग खणत गेले तसा जवळजवळ पूर्ण सांगाडा हाती आला, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा. होमो इरेक्टसच्या कुळातला मुलगा. वय आठ-नऊ वर्षांचं असावं आणि उंची मात्र पाच फुटांच्या पुढे. मानेखाली पाहिलं तर आपल्यासारखाच, लांब पाय, अरुंद कंबर. कवटी पाहिली की मग वेगळेपण कळतं, भुवयांवर हाडाचा उंचवटा, हनुवटी नाही. कुंदकळी, तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो: त्याची दुधाची दाढ पडली होती आणि त्या जागी जबड्यात दाहाच्या खुणा आहेत. त्यातूनच तो दगावला असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा मुलगा आठ वर्षांचा होता, नुकत्याच दाढा हलायला लागल्या होत्या.

आफ्रिकेकडे बघा असं डार्विननं १८७१ मध्येच लिहिलं होतं, कारण चिंपांझी-गोरिला इथलेच. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टाउंगच्या चुनखडीच्या खाणीतून एका पिल्लाची कवटी निघाली. रेमंड डार्ट यांनी पाहिलं की मणक्याची दोरी जिथून कवटीत शिरते ते भोक खाली, मध्याकडे आहे. डोकं मानेवर तोललेलं, म्हणजे प्राणी उभा चालणारा. मेंदू मात्र एपाएवढा. कोणी फारसं मानलं नाही, तेव्हा सगळ्यांना मोठ्या मेंदूचा पूर्वज हवा होता. पुढे १९७४ मध्ये इथिओपियात हाडारला डोनाल्ड जोहान्सन यांना लुसी नावाची ऑस्ट्रॅलोपिथेकस मिळाली, ३२ लाख वर्षांपूर्वीची, सांगाड्याचा सुमारे ४० टक्के भाग. इथिओपियात तिला दिंकिनेश म्हणतात. तिच्यातही तेच, पाय चालणाऱ्याचे, कवटी लहान.

आणि लाएतोली! टांझानियात ज्वालामुखीची राख पडली, वरून हलका पाऊस झाला, त्या ओल्या राखेतून कोणीतरी चालत गेले, राख सिमेंटसारखी घट्ट झाली. १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या चमूनं ती पावलं उघडी केली. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची, जवळजवळ २७ मीटरची वाट. टाच आधी टेकलेली, अंगठा बाकी बोटांच्या रांगेत. ओल्या वाळूत आपलं उमटतं तसंच पाऊल. पळसफूल ताई, तुमच्या आकृतीला पाय काढायचे असतील तर ते इथून काढा.

प्रवराकाठ

उशिरा आलो, पण 'आपल्या भूमीत उरलं काय' या प्रश्नावर गप्प बसवत नाही. पुरातत्त्वाचा विद्यार्थी होतो, उन्हाळे प्रवरा-गोदावरीच्या काठांवर गेले.

मानवी घराण्यातलं खरंखुरं जुनं हाड म्हणाल तर नर्मदेचं. ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशात हथनोऱ्याला नर्मदाकाठच्या गोट्यामातीच्या थरात जिऑलॉजिकल सर्व्हेचे अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग सापडला. योगायोग पाहा, जगभर रामापिथेकसचं नाव पुसलं जात होतं त्याच वर्षी. सोनकिया यांनी तिला होमो इरेक्टसमध्ये घातलं, पुढे केनेथ केनेडी वगैरेंनी ती इरेक्टसच्या पुढची, आपल्या जातीच्या जुन्या रूपाकडे जाणारी आहे असं मत मांडलं. वाद आहे, पण माणूस आहे, यात वाद नाही.

हाडं इथे टिकत नाहीत. दगड टिकतात. १८६३ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मद्रासजवळ पल्लावरमला पहिली हातकुऱ्हाड ओळखली. त्याच भागातल्या अत्तिरमपक्कमला शांती पप्पू यांच्या चमूनं २०११ मध्ये दाखवलं की तिथली अवजारं किमान १० लाख, बहुधा १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे नैरोबीकरांचा तो मुलगा तुर्कानाकाठी चालत होता त्याच सुमारास तमिळनाडूत कोणीतरी दगड घडवत बसलं होतं. मला तरी हे वाचून त्या दिवशी झोप आली नव्हती.

महाराष्ट्रात डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या लोकांनी नद्या अक्षरशः पायी पिंजून काढल्या. नाशिकजवळ गंगापूर, प्रवरेवरचं नेवासे. नेवाशाच्या मध्य पुराश्मयुगीन अवजारांना तर सांकलियांनी गावाचंच नाव दिलं, 'नेवासन'. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या गावाच्या काठावर हजारो वर्षं आधी माणसं गारगोटी आणि जॅस्परचे छिलके काढत बसलेली. जुन्नरकडे कुकडीवर बोरीला तर अवजारांजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. राख सुमात्रातल्या टोबाची. मात्र टोबाचा ७४ हजार वर्षांपूर्वीचा उद्रेक की त्याहून खूप जुना, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत.

हातकुऱ्हाड म्हणजे काय ते सांगतो. बदामाच्या आकाराचा दगड, तळहातापेक्षा थोडा मोठा. पहिल्यांदा काठावरून उचलला तेव्हा ओली माती पुसली आणि अंगठा आपोआप एका खोलगट जागेत बसला. तिथे एक छिलका मुद्दाम उडवलेला. दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या. टोकाकडे जाताना घाव लहान लहान होत गेलेले, म्हणजे शेवटी हात आवरून, हलक्या हातानं काम केलेलं. दगड हातात घेण्याआधीच त्याचा शेवटचा आकार त्या माणसाच्या मनात होता. मार्गदर्शक सर शेजारी उभे होते, ते काहीच बोलले नाहीत. मला वेळ दिला.

वाटाड्या

अवांतर होईल, पण विचारतो. निअँडरथलचे जीन आपल्यात आहेत आणि करोनाशी त्याचा संबंध आहे, असं वाचलं होतं. दुसऱ्या लाटेत माझे वडील गेले. चार दिवस खाटेसाठी फिरलो होतो. तेव्हापासून हे डोक्यात राहिलं आहे. यात तथ्य आहे का?

दूरदेशी

@वाटाड्या, वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

तथ्य आहे. आपली जात, होमो सेपियन्स, आफ्रिकेतली. मोरोक्कोत जेबेल इर्हूदला सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आपल्या जातीचे अवशेष आहेत, हे २०१७ मध्ये कळलं. तिथून बाहेर पडलेल्यांची युरोप-आशियात आधीपासून राहणाऱ्या निअँडरथलांशी गाठ पडली आणि संतती झाली. २०१० मध्ये स्वान्ते पेबो यांच्या गटानं निअँडरथलचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला तेव्हा हे पक्कं झालं, २०२२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या मुळाच्या प्रत्येकात साधारण १ ते २ टक्के वारसा निअँडरथलांचा असतो. त्याच २०१० साली सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या बोटाच्या एका हाडावरून आणखी एक मानवगट कळला. तिबेटी लोकांना विरळ हवेत तगवणारं जीनचं रूप त्या डेनिसोवनांकडून आलं आहे.

२०२० मध्ये पेबो आणि हुगो झेबर्ग यांनी दाखवलं की तिसऱ्या गुणसूत्रावरचा निअँडरथलांकडून आलेला एक पट्टा करोना गंभीर होण्याचा धोका वाढवतो. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत त्याची किमान एक प्रत आहे. पण बाराव्या गुणसूत्रावर त्यांच्याकडूनच आलेला दुसरा पट्टा थोडं संरक्षणही देतो. आणि वय, इतर आजार यांचा परिणाम या सगळ्यापेक्षा मोठा होता. हा पट्टा असलेले कोट्यवधी लोक बरे झाले. तुमच्या घरात काही चुकलं होतं, असं यातून कृपया काढू नका.

वाटाड्या

शेवटच्या ओळीसाठी आभार.

पळसफूल

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले आहेत. एक_वाचक दादा, तुमचा प्रश्न मला वर्गात दरवर्षी यायचा आणि मी 'पुढे कळेल' म्हणून टाळायचे. दूरदेशींनी दिलेलं चुलतभावाचं उत्तर तेव्हा सुचायला हवं होतं.

कुंदकळी, साचा परवा पोचला. काल रविवारी दुपारी नात आणि मी गॅलरीत बसलो. अर्धा साचा ओट्यावरच्या पाटावर ठेवला, माझा कुंकवाचा जुना आरसा त्याला लावून उभा धरला. पहिल्या झटक्यात आपल्यासारखी छान गोल कमान दिसली. नातीनं आरसा बोटभर फिरवला आणि रांगा समांतर झाल्या. पुन्हा फिरवला, पुन्हा माणूस. तिनं दहा-बारा वेळा तरी केलं असेल. मी नुसती बघत होते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्या शास्त्रज्ञांच्या टेबलावर काय झालं असेल ते समोर दिसत होतं, आणि त्यांचा रागही येत नव्हता. मी असते तर मीही तो आरसा मला हवा तिथेच थांबवला असता.

मग तक्ता जमिनीवर पसरला. फाडायचा नाही असं ठरलं. रामापिथेकसभोवती पेन्सिलीनं चौकट केली, तिथून एक बाण थेट वर, कागदाच्या कडेला नेला आणि तिथे नातीनं ओरांगउटान काढला, शिवापिथेकस असं नाव घालून. 'आद्य पूर्वज' ही ओळ मी स्वतः खोडली, खाली लिहिलं, 'हरितल्यांगर, १९३२. वरच्या जबड्याचा उजवा तुकडा. एवढंच सापडलं.' रांगेतल्या रिकाम्या जागेत नैरोबीकरांनी सांगितलेली लाएतोलीची दोन पावलं काढली. मेंदूच्या आधी पाय, हे नातीला फार आवडलं. सहा आकृत्यांची एकच सरळ रांग मात्र तिला पटेना. निअँडरथलांशी संतती झाली तर तो आपल्या मागे रांगेत कसा, असं म्हणून तिनं त्याला बाजूला घेतलं आणि आपल्या आकृतीकडे एक बारीक तुटक रेघ काढली. वडाची पारंबी जमिनीला टेकते तशी ती दिसते.

प्रवराकाठ, डेक्कन कॉलेजचं संग्रहालय पाहायला आम्ही दोघी नाताळच्या सुट्टीत पुण्याला येतोय. तुम्हाला जमणार असेल तर कळवा. तिला अंगठ्याची ती जागा बघायची आहे.